थकलेलं बिल : नैरोबीचे अलिभाई मुल्ला जीवनजी

सप्टेंबर 1910. लंडनच्या 'डेली क्रॉनिकल' या वर्तमानपत्रात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका हिंदी व्यापाऱ्याची मुलाखत छापून आली. वय 54, जन्म कराचीचा, समाज दाऊदी बोहरा, धंदा कंत्राटदारीचा. त्याचं म्हणणं असं, की ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचा (आजच्या केनियाचा) मुलूख सरळ हिंदुस्थानच्या साम्राज्याला जोडून टाका. व्हाइसरॉयच्या हाताखाली तिथे प्रांतिक सरकार बसवा, मग बघा, थोड्याच वर्षांत तिथे दुसरा हिंदुस्थान उभा राहील.

बोलणारा माणूस ऐरागैरा असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण हे होते अलिभाई मुल्ला जीवनजी. नैरोबीतल्या सर्वात मोठ्या मालमत्ताधारकांपैकी एक, रेल्वेचे आणि सरकारचे जुने कंत्राटदार, आणि त्या वर्षी वसाहतीच्या विधान परिषदेवर नेमलेले पहिले गौरेतर सदस्य. परिषदेत चार शब्द बोलून जे मिळालं असतं तेही ही मुलाखत देऊन त्यांनी घालवलं, असं त्यांच्यावर लिहिणारे अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. मिळण्यासारखं तिथे काही नव्हतंच. पण पंचवीस वर्षं माणसं, माल आणि साहेबांचे मूड अचूक ओळखणाऱ्या व्यापाऱ्याचा राजकारणातला अंदाज एवढा कसा चुकला, हा प्रश्न मात्र खरा आहे.

माझं निम्मं आयुष्य सरकारी कंत्राटदारांच्या वह्या तपासण्यात गेलं. त्या वह्यांत 'सरकारकडून येणे' हा रकाना कधी रिकामा नसतो. जीवनजींचं राजकारण मला त्या रकान्यासारखं दिसतं. काम करून दिलं, माल पोचवला, आता बिल द्या, असा त्याचा सूर आहे. फक्त बिल रुपयांचं नव्हतं, नागरिकत्वाचं होतं.

पेढी

जीवनजींचा जन्म 1856 चा. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बोहरी समाज मुंबईकराला नवा नाही. भेंडीबाजारातली लोखंडी सामानाची, काचेची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या समाजाची धंद्याची शिस्त वेगळी सांगायला नको. जीवनजींचं शालेय शिक्षण जेमतेम. 1886 च्या सुमारास ते ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला पूर्वेकडचा माल विकत होते. 1890 च्या आसपास ते मोंबासाला आले आणि इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीची कामं घेऊ लागले. ही कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची आफ्रिकेतली दुबळी नक्कल. 1895 मध्ये तिचा गाशा गुंडाळून ब्रिटिश सरकारने मुलूख थेट आपल्याकडे घेतला.

मग आली युगांडा रेल्वे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत. 1896 मध्ये काम सुरू झालं, 1901 च्या अखेरीस रूळ सरोवरकाठी किसुमूला टेकले. किनारा सोडला की लगेच तारूचं निर्जल रान लागतं. ओझ्याची जनावरं त्सेत्से माशीच्या रोगाने मरत, म्हणून पुढे काम करणाऱ्यांचं पाणीसुद्धा मागून रुळावरूनच न्यावं लागे. अशा ठिकाणी हजारो माणसांना पीठ, तांदूळ, डाळ, तूप वेळेवर मिळणं ही रूळ टाकण्याइतकीच मोठी कामगिरी. सुरुवातीच्या मजूरभरतीत जीवनजींच्या पेढीचा हात होता आणि शिधा पुरवण्याचं कामही तिच्याकडे होतं. पुढे रेल्वेने भरती थेट सुरू केली. बहुतेक माणसं पंजाबची, कराचीहून जहाजावर चढलेली.

एकूण सुमारे 32,000 गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आले. त्यांतले 2,493 मेले. करार संपल्यावर 6,724 तिथेच राहिले, बाकीचे परतले. त्साव्होच्या पुलावर सिंहांनी माणसं ओढून नेल्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला त्याच पुलावरची दुसरी जास्त आवडते. इंजिनिअर पॅटर्सन यांना दिसलं, की गवंडी म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी थापी कधी हातात धरलेली नाही. कारण सोपं. गवंड्याला महिना 45 रुपये, साध्या मजुराला 12. मग कराचीच्या धक्क्यावर 'तू कोण?' विचारल्यावर 'गवंडी' हेच उत्तर येणार. साहेबाने मोजून काम घ्यायला सुरुवात केली तेव्हा पितळ उघडं पडलं आणि तंटे सुरू झाले. रुपये म्हणतोय ते भाषांतर नव्हे बरं का. तिथे चलनच रुपया होतं, 1920 पर्यंत. भारतीय दंडसंहिता लागू होती. सैन्यात शीख शिपाई होते. कचेऱ्यांत आणि स्टेशनांवर कारकून म्हणून गोव्याची माणसं बसलेली असत. स्वाहिलीत आजही विम्याला 'बीमा', धनादेशाला 'हुंडी' आणि एक लाखाला 'लाकी' म्हणतात. जीवनजींना हा मुलूख हिंदुस्थानाचंच शेपूट वाटला तर त्यात त्यांचा वेडेपणा नव्हता. सर हॅरी जॉन्स्टनसारखा बडा ब्रिटिश अधिकारीसुद्धा 1901 मध्ये म्हणून गेला होता, की पूर्व आफ्रिका ही हिंदूंची अमेरिका व्हावी.

आज केनियात दिसणारे बहुतेक भारतीय या गिरमिटियांचे वंशज नाहीत. ते नंतर स्वतःच्या तिकिटाने आले. कच्छ, काठेवाड, गुजरात, पंजाब इथून. रूळ जिथे पोचला तिथे त्यांचं 'दुका', म्हणजे दुकान, पोचलं. अलिदिना विसराम या इस्माइली व्यापाऱ्याची तर युगांडापर्यंत दुकानांची साखळीच होती. जीवनजींनी दुकानदारी केली नाही असं नाही, पण त्यांचा खरा जीव कंत्राटात. सरकारी कचेऱ्या बांधा, धक्क्यावर माल उतरवा, रसद पुरवा. म्हणजे गिऱ्हाईक एकच: सरकार. धंद्यात ज्याचं गिऱ्हाईक एकच असतं तो त्या गिऱ्हाइकाला आपलं मानायला लागतो. ही खूणगाठ इथेच बांधून ठेवावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यातून येतं.

जळलेला बाजार

1899 मध्ये रूळ नैरोबीला पोचले. तेव्हा तिथे पाणथळ माळ होता. तंबू, मग पत्र्याच्या चाळी, मग एक दाटीवाटीचा हिंदी बाजार. गटारं नाहीत, पाण्याचा निचरा नाही. 1902 मध्ये प्लेग आला. निदान केलं गोव्याच्या डॉक्टरने, रोझेंदो आयरेस रिबेरो यांनी. हे गृहस्थ नैरोबीत माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रोगी बघायला जात. त्यांचा झेब्र्यावरचा फोटो आजही शहराच्या जुन्या फोटोंत हमखास भेटतो. पुण्या-मुंबईचा 1896-97 चा प्लेग ज्यांनी वाचलाय त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की नैरोबीत घरं रिकामी करून चुना मारण्यात वेळ गेला नाही. अख्खा बाजारच पेटवून दिला. रिबेरोंचा दवाखानाही त्यात गेला.

बाजार जळल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक, गोऱ्या वसाहतवाल्यांना कायमचा मुद्दा मिळाला: हिंदी माणूस म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग, तेव्हा वेगळी वस्ती हवी. गटार बांधणं हे नगरपालिकेचं काम होतं हे कुणी बोललं नाही. 1913 मध्ये प्रोफेसर सिम्पसन यांनी आरोग्याच्या नावाखाली शहरात वंशवार वस्त्या करण्याची शिफारस केली, तिची मुळं इथे आहेत. दोन, जीवनजींनी नवी मंडई बांधली. 1904 च्या सुमाराची ही जीवनजी मार्केट. ज्याच्यावर घाणीचा आरोप, त्यानेच शहराला पहिली धड मंडई द्यावी, यात त्यांचा स्वभाव दिसतो. आरोपाला उत्तर भाषणाने नाही, बांधकामाने.

त्याआधी 1902 मध्ये त्यांनी मोंबासात एक साप्ताहिक काढलं, 'आफ्रिकन स्टँडर्ड'. इंग्रजीत. संपादक म्हणून टिलर नावाचा इंग्रज ठेवला. 1905 मध्ये ते विकून टाकलं. नव्या गोऱ्या मालकांनी नाव केलं 'ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड', आणि पुढे तेच गोऱ्या वसाहतवाल्यांचं मुखपत्र बनलं. पुढची कित्येक वर्षं जीवनजी आणि त्यांच्या बांधवांना ज्या पत्रातून शिव्या खाव्या लागल्या ते त्यांनीच जन्माला घातलेलं होतं. जीवनजींच्या सगळ्या व्यवहारांत मला हा सर्वात महागडा वाटतो. विक्रीची किंमत काय आली त्याला महत्त्व नाही; राजकारणात उतरायच्या तोंडावर त्यांनी आपला आवाज विकला. तेव्हा त्यांच्या लेखी ते वर्तमानपत्र म्हणजे पेढीची आणखी एक मालमत्ता होती, बस्स.

डोंगरावरची जमीन

खरा वाद सुरू झाला तो जमिनीवरून. नैरोबीच्या पलीकडे 5,000 फुटांवर हवा थंड, माती काळी-तांबडी, पाऊस बरा. 1900 ते 1904 कमिशनर असलेले सर चार्ल्स इलियट यांनी ठरवलं, की हा गोऱ्या माणसाचा देश करायचा. रेल्वेचा खर्च वसूल व्हायचा तर मालगाडीत भरायला पीक हवं, आणि पीक काढायला गोरा शेतकरी हवा. गोऱ्या वसाहतवाल्यांचे पुढारी लॉर्ड डेलामियर यांना 1903 मध्ये एक लाख एकर जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने मिळाली. एक लाख! त्याच सुमारास हिंदी शेतकऱ्यांना जागा दाखवली ती किसुमूजवळ किबोसला, खाली, हिवतापाच्या पट्ट्यात. त्यांनी तिथे ऊस पिकवून दाखवला, तो भाग निराळा.

कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की हिंदी माणसाला डोंगराळ जमीन नाही. 1908 मध्ये वसाहत मंत्री लॉर्ड एल्गिन यांनी जे कळवलं त्याचा मासला सरकारी भाषेच्या शौकिनांनी जपून ठेवावा. हिंदी प्रजेवर कायदेशीर बंदी घालणं साम्राज्याच्या धोरणात बसत नाही. मात्र प्रशासकीय सोय म्हणून त्या भागात त्यांना जमिनी देऊ नयेत. म्हणजे 'नाही' म्हणायचं नाही, फक्त द्यायचं नाही. जीवनजींसारख्या कंत्राटदाराला ही भाषा पाठ असायला हवी होती. 'बिल मंजूर आहे, निधी उपलब्ध नाही' याहून ती वेगळी काय? पुढे 1915 च्या जमीन कायद्यात गोऱ्याने हिंदी माणसाला जमीन विकायची तर गव्हर्नरला ती रोखता येईल अशी तरतूदच आली.

इथे जीवनजी चिडले. मोंबासात व्यापाऱ्यांच्या सभा झाल्या, वर्गण्या झाल्या, अर्ज लंडनला गेले. ज्यांच्या जोरावर मुलूख उभा राहिला त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवता, हा त्यांचा युक्तिवाद. त्याला दुजोरा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. 1907 मध्ये उपमंत्री म्हणून पूर्व आफ्रिकेत फिरून गेलेल्या विन्स्टन चर्चिल यांनी 1908 मध्ये लिहिलं, की शीख शिपायाने हा देश जिंकायला मदत केली, हिंदी व्यापारी गोरा जाणार नाही तिथे गेला, हिंदी मजुराने रेल्वे बांधली. अशांना हाकलणं कुठल्या सभ्य सरकारला शोभेल? हेच चर्चिल 1922 च्या जानेवारीत वसाहत मंत्री म्हणून लंडनच्या एका मेजवानीत उठून जाहीर करतात, की डोंगराळ प्रदेश फक्त युरोपियांसाठी राखीव राहील. माणूस तोच, खुर्ची बदलली.

खुर्ची

विधान परिषद 1907 मध्ये स्थापन झाली. सरकारी अधिकारी आणि नेमलेले गोरे वसाहतवाले. हिंदी माणूस एकही नाही, आफ्रिकी तर विचारातच नाही. दडपण वाढलं तेव्हा एक जागा हिंदी लोकांना द्यायचं ठरलं आणि जीवनजींची नेमणूक झाली. निवडणूक नव्हे, नेमणूक. हा फरक अनेक लेखांत गाळला जातो. ज्याच्या हातात नेमणं त्याच्याच हातात काढणं.

आपल्याकडे कंत्राटदार सभागृहात गेला की कंत्राटं वाढतात, हा सर्वसाधारण अनुभव. जीवनजींचं उलटं झालं. त्या खोलीत त्यांच्याभोवती बसलेले लोक एक तर त्यांना काम देणारे साहेब होते, नाही तर त्यांच्या जातभाईंना जमीन मिळू नये म्हणून झटणारे शेजारी. एकट्या मताने ठराव हलत नाही. शिवाय बोलणं इंग्रजीत, नियमांच्या चौकटीत. ते त्यांचं मैदान नव्हतं. त्यांचं मैदान साहेबाच्या कचेरीतलं, समोरासमोरच्या सौद्याचं. म्हणून ते परिषदेत रमले नाहीत आणि थेट लंडन गाठलं. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर त्याच्या मालकाकडे जायचं, हा धंद्याचा रिवाज.

मग ती मुलाखत. तिच्यातला हिशेब व्यापाऱ्याचाच आहे. रुपया हिंदुस्थानचा, कायदा हिंदुस्थानचा, फौज हिंदुस्थानची, व्यापार हिंदी माणसाच्या हातात. मग नावापुरती वेगळी वसाहत कशाला? कागदोपत्री हे बिनतोड वाटतं. पण याने दोन टोकाच्या शत्रूंना एकाच वेळी शस्त्र दिलं. गोरे वसाहतवाले म्हणू लागले: बघा, आम्ही सांगत होतो ना, यांना हक्क नकोत, देश हवाय. आणि दुसरा पक्ष तर मुलाखतीत नव्हताच. त्याच्याशी बोलणं झालं नव्हतं.

तो पक्ष म्हणजे ज्यांची जमीन होती ते. डोंगर रिकामे नव्हते. 1904 आणि 1911 अशा दोन 'करारां'नी मासाईंना गुरांसकट आधी उत्तरेला आणि मग दक्षिणेला हाकललं. नांदी लोकांनी रेल्वेला विरोध केला तर 1905 मध्ये बोलणीच्या मिषाने बोलावून त्यांचा नेता कोइतालेल याला गोळी घातली. किकुयूंच्या शेतांवर कॉफी उभी राहिली. जीवनजींचे अर्ज, भाषणं यांत समान हक्क म्हणजे गोऱ्या आणि हिंदी यांच्यातले समान हक्क. 'दुसरा हिंदुस्थान' म्हणताना पहिल्या आफ्रिकेचं काय, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. त्या काळच्या बहुतेक हिंदी पुढाऱ्यांना तो पडला नाही, खुद्द दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या गांधींनाही नाही. एवढं म्हणून जीवनजींना सोडून देता येतं, पण मग हे प्रकरण समजत नाही. कारण त्यांचं बिल नेमकं याच पक्षाचं नाव पुढे करून फेटाळलं गेलं.

परिषदेतली त्यांची मुदत संपली. ती जागा दुसऱ्या हिंदी माणसाला दिली नाही. परिषदेत पुन्हा हिंदी चेहरा दिसायला पहिलं महायुद्ध उलटावं लागलं.

तुलनेसाठी त्याच गावातला दुसरा धंदेवाला पुढारी बघा. युअर्ट ग्रोगन, गोरा वसाहतवाला. जंगलातलं लाकूड तोडण्याची सवलत, मोंबासाच्या बंदरालगत जमिनी, सगळं सट्ट्याचं काम. 1907 च्या मार्चमध्ये याने नैरोबीच्या न्यायालयासमोर, जमाव जमवून, तीन किकुयू माणसांना चाबकाने फोडलं. महिन्याची शिक्षा झाली, तीही आरामात भोगली. पुढे हा पुढारी म्हणून मिरवला आणि विधान परिषदेतही बसला. जीवनजींकडे पैसा त्याच्याहून कमी नव्हता. सरकारशी उद्धटपणा तर त्यांनी कधी केलाच नाही.

मुंबईत छापलेलं पत्रक

1912 मध्ये जीवनजींनी मुंबईत एक पत्रक छापून घेतलं: पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या वतीने आवाहन. लंडनच्या दारातून परत आलेला माणूस आता मुंबईच्या दारात उभा होता. वेळ त्यांनी बरोबर साधली होती. गोपाळ कृष्ण गोखले 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात जाणारे गिरमिटिये थांबवण्यासाठी कलकत्त्याच्या कौन्सिलात ठराव घेऊन उभे राहिले होते आणि 1912 मध्ये स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले. परदेशातल्या हिंदी माणसाचा अपमान हा आता घरचा प्रश्न झाला होता.

या पत्रकापाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. मुलाखत होती साहेबासाठी, पत्रक आहे आपल्या माणसांसाठी. विनवणीचा पत्ता बदलला की माणसाचं राजकारण बदलायला लागतं. दोनच वर्षांनी, 1914 च्या मार्चमध्ये मोंबासात ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेसची पहिली बैठक भरली आणि जीवनजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. विसराम आणि बाकीचे मोठे व्यापारी बरोबर होते. नेमलेल्या सदस्यापेक्षा ही जागा मोठी होती, कारण ती गव्हर्नरने दिलेली नव्हती.

पण ती व्यापाऱ्यांची काँग्रेस होती, आणि व्यापाऱ्यांना हरताळ परवडत नाही. युद्धानंतर सूत्रं मणिलाल अंबालाल देसाई यांच्यासारख्या तरुणांकडे गेली. देसाई वकिलाच्या कचेरीत काम करायला आले आणि वर्तमानपत्र चालवू लागले. हॅरी थुकू हा किकुयू तरुण मजुरी-कपात आणि ओळखपट्ट्यांविरुद्ध उभा राहिला तेव्हा त्याची पत्रकं छापायला देसाईंचा छापखाना पुढे आला. जीवनजींच्या पिढीने जे दार ठोठावलंच नव्हतं ते देसाईंनी उघडून बघितलं. 1926 मध्ये ते वारले नसते तर, वगैरे. असो.

निकाल

1920 मध्ये मुलूख रीतसर वसाहत झाला, नाव केनिया. 1921 च्या शिरगणतीत युरोपीय सुमारे 9,600, भारतीय जवळपास 23,000 (गोवेकर पोर्तुगीज प्रजा म्हणून वेगळे मोजलेले), आफ्रिकी अंदाजे 25 लाख. भांडण पहिल्या दोन आकड्यांत. हिंदी लोकांची मागणी एका समान मतदार यादीची. 1922 मध्ये लंडनने पात्रतेच्या अटी घालून तशी एक योजना पुढे केली, हिंदी पक्षाने ती मान्य केली. गोऱ्यांनी काय केलं? बंडाची तयारी. गव्हर्नर कोरिंडन यांना पळवून नेऊन मासेमारीची चांगली सोय असलेल्या एका आडबाजूच्या मळ्यावर ठेवायचा बेत शिजला होता. हे विनोदी वाटतं, पण लंडन घाबरलं.

1923 मध्ये दोन्ही पक्ष लंडनला गेले. हिंदी शिष्टमंडळात 67 वर्षांचे जीवनजी होते. हिंदुस्थानातून बाजू मांडायला गेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, पुण्याच्या भारत सेवक समाजाचे, गोखल्यांच्या जागेवर बसलेले. केनिया गेलं तर सगळंच गेलं, इतक्या निकराने ते या लढाईकडे बघत होते.

जुलैमध्ये वसाहत मंत्री ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांची श्वेतपत्रिका आली. केनिया हा मुख्यतः आफ्रिकी मुलूख आहे, तेव्हा आफ्रिकी रहिवाशांचं हित सर्वांत वर. वाचायला उत्तम. आणि त्या आधारावर निकाल काय? डोंगराळ जमीन गोऱ्यांचीच. मतदार याद्या वेगवेगळ्या. परिषदेत निवडून आलेले युरोपीय 11, भारतीय 5, अरब 1. ज्यांचं हित सर्वांत वर त्या 25 लाखांसाठी एक नेमलेला पाद्री. पहिला आफ्रिकी सदस्य एलिउड माथू परिषदेत बसला तो 1944 मध्ये. हिंदी लोकांच्या पदरात पडलं एवढंच, की शहरांतली वंशवार वस्ती आणि आगमनावरची नवी बंदी टळली.

निष्ठावान कंत्राटदाराला 5 खुर्च्या, बंडखोराला 11. पंधरा वर्षं जीवनजी सांगत आले होते, की सेवा केली त्याचा मोबदला द्या. सरकारने सेवा नाकारली नाही. फक्त हिशेब तिसऱ्याच्या नावाने फिरवला, आणि त्या तिसऱ्याशी जीवनजींचं खातंच नव्हतं. काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार टाकला, कर न भरण्याची चळवळ झाली. जानेवारी 1924 मध्ये मोंबासाच्या अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून सरोजिनी नायडू आल्या. जीवनजी आता ज्येष्ठ म्हणून मांडवात असायचे. धंदा उतरणीला लागलेला, मालमत्ता हातातून निसटत चाललेल्या. 1936 मध्ये नैरोबीत ते वारले.

बाग

एक नोंद राहिली. 1906 मध्ये जीवनजींनी नैरोबीच्या मधोमध पाच एकरांची बाग करून जनतेला दिली आणि तिच्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला. अनावरण राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते. जमीन देणगी, पुतळा देणगी, वर राजपुत्र. एल्गिन साहेबांचं 'प्रशासकीय सोय' वालं पत्र यायला तेव्हा दोन वर्षं होती.

1991 मध्ये या बागेत बहुमजली वाहनतळ बांधायचा घाट घातला गेला. जीवनजींची नात झरीना पटेल सह्या गोळा करत उभी राहिली, पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी मथाई यांनीही आवाज उठवला, आणि बेत बारगळला. 2015 मध्ये राणीचा पुतळा कुणीतरी पाडून फोडला.

बाग आहे. दुपारी कचेऱ्या सुटल्या की बाकांवर जागा मिळत नाही. झाडाखाली माणसांचं कोंडाळं असतं, मध्ये एकजण उभा राहून हातवारे करत बोलत असतो, बाकीचे त्याला अडवत असतात. मक्याच्या पिठाचा भाव, मंत्र्यांचे घोटाळे, कुणाची जमीन कुणी लाटली. याला ते 'बुंगे ला म्वानांची' म्हणतात, सामान्य माणसाचं संसद. नेमणूक लागत नाही. बोलायचं असेल तर पुढे यायचं, आणि आवाज मोठा लागतो, कारण पलीकडच्या रस्त्यावर मटाटूचे, म्हणजे खासगी मिनीबसचे, कंडक्टर ओरडत असतात.